नमुना गोठ्यामागच्या वेलीचा

मंडळी, नमस्कार. मामी, तुम्हाला वेगळा नमस्कार.

मी वैशाली. नारायणगावच्या लॅबमध्ये काम करते. तुमची द्राक्षं परदेशी जायच्या आधी त्यांच्यावर फवारणीचं औषध किती राहिलंय, ते मी तपासते. त्या द्राक्षांचे नमुने प्लॉटवर जाऊन आणायचं काम रंगनाथमामांचं होतं. चौदा वर्षं होतं. आज त्यांच्यासाठी आपण इथं बसलोय, आणि मला बोलायला सांगितलंय.

माझ्या आधी तिघं बोलले. तिघांनी मामांना देवमाणूस म्हटलं. मी माइकपाशी येताना ठरवलं होतं की रडायचं नाही. रडू येतच नाहीये. राग येतोय. शोकसभेत असं सांगणं बरं दिसत नाही, मला कळतंय. पण मामांबद्दल बोलायचं तर खरं बोलावं लागेल, आणि खरं बोलायचं तर हेच बोलावं लागेल.

मी डिंभ्याची. नोकरीला लागले तेव्हा एसटीच्या भरवशावर यायचे. आली तर आली, नाही तर नाही. तिसऱ्यांदा उशीर झाला तेव्हा मामा म्हणाले, "पोरी, उद्यापास्नं आमच्याकडं ऱ्हा." विचारलं नाही, सांगितलं. सव्वा वर्ष मी या पिंपरी पेंढारात राहिले. मामींच्या हातची भाकरी खाल्ली. सकाळी मामांच्या मोटारसायकलवर मागं बसायचे, मांडीवर नमुन्यांची पेटी. लोक विचारायचे, ही कोण. मामा म्हणायचे, लेक.

मशीन चालवायला मी कॉलेजात शिकले. नमुना म्हणजे काय, ते मामांनी शिकवलं. बांधावर उभं राहून हाताला येईल तो घड तोडायचा नाही. प्लॉटच्या आत शिरायचं. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नागमोडी चालायचं. उन्हातला घड घ्यायचा, सावलीतला घ्यायचा. वरचा घ्यायचा, खालचा घ्यायचा. पिशवीला सील शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर. एकदा मी कंटाळून म्हणाले, मामा, एवढं कशाला, मशीन सगळं सांगतंच की. तेव्हा ते थांबले. म्हणाले, "मशीन पिशवीच्या आत बघतं. पिशवी कुठनं आली, त्ये त्याला दिसत न्हाई. त्ये आपून बघायचं."

हे कुणाचं वाक्य आहे? मामांचं. मंडळी, हे मामांचंच वाक्य आहे.

आमच्या त्या मशीनचं नाव एलसी-एमएस. शेतकरी विचारायचे, ताई, ह्यात नेमकं होतं काय? मी सांगायला लागले की माणसं जांभया द्यायची. मग मामा सांगायचे. "शर्यतीच्या घाटात बैलगाडे पळत्यात ना, तसं. द्राक्षाच्या रसात जेवढी म्हणून औषधं हायेत, ती एका बारीक नळीत एकदमच सोडायची. पण पोचायचा टाइम ज्याचा त्याचा. कुणी दोन मिनिटात, कुणी सात. आन् वरती बसलंय दुसरं मशीन. आलेल्याचं वजन करतं, मोडतं, तुकड्यांचं पुन्हा वजन करतं. नाव बदलून कुणाला येता येत न्हाई तिथं." लोक हसायचे. आणि विश्वास ठेवायचे. माझ्यापेक्षा मामांमुळं तुम्ही त्या मशीनवर विश्वास ठेवलात.

आता काय झालं ते सांगते. मागून कुणीतरी म्हणतंय, ताई, आज नको. भाऊ, आजच. का, ते शेवटी कळेल.

यंदा आमच्या तपासायच्या यादीत आम्ही आणखी काही औषधं घातली. गेल्या महिन्यात एका प्लॉटच्या नमुन्यात त्यातलं एक दिसलं. अगदी किंचित, मर्यादेच्या कितीतरी आत. रिपोर्ट पास. पण ते औषध गोचिडांचं होतं. गाईम्हशींच्या अंगावर मारतात ते. द्राक्षावर गोचिडाचं औषध कोण मारतं? मला हसू आलं. म्हटलं, गडी पंप न धुता फवारायला गेला असेल.

चार दिवसांनी दुसऱ्या नमुन्यात तेच. गाव वेगळं, शेतकरी वेगळा. मग तिसरा. मग आंबेगाव तालुक्यातले दोन. पाच प्लॉट, पाच गावं, आणि पाचही ठिकाणी तेच औषध, तेवढंच किंचित. आणि बाकी काय सापडलं? काही नाही. यंदा भुरी आणि डाउनी या बुरशींनी सगळ्यांना जेरीला आणलंय. फवारल्याशिवाय कुणाचा प्लॉट राहिला नाही, हे मला ठाऊक आहे. आणि या पाचांत बुरशीच्या औषधाचं नाव नाही.

मी आधी मला दोष दिला. म्हटलं, मशीनमध्येच घाण राहिली असणार. सगळं धुतलं. कोरा, औषध नसलेला नमुना चालवला, काही आलं नाही. पाचही पुन्हा दळले, पुन्हा रस काढला, पुन्हा लावले. नळीतून त्याच मिनिटाला ते बाहेर आलं. वजन तेच, तुकडे तेच. तीन दिवस मी जेवताना धड कुणाशी बोलले नाही. मला पाच गावांमधली एकच गोष्ट सारखी दिसत होती. पाचही पिशव्या एकाच माणसानं आणल्या होत्या.

मामांच्या घरामागं गोठा आहे. गोठ्याला लागून मांडव आहे, त्यावर द्राक्षाच्या चार वेली. घरच्या माणसांसाठी राखलेल्या. फवारणीचा थेंब नाही. मी तिथं राहायचे तेव्हा मामी म्हणायच्या, ही न धुता खा. मी खाल्ली. आणि मामा दर पंधरवड्याला तिथंच गाईला गोचिडाचं औषध मारायचे. वारा असला की ते वेलीवर जाणारच.

मी एका रविवारी मामींकडं आले. चहा घेतला. म्हटलं, मामी, दोन घड द्या, लई दिवस झाले खाल्ली नाहीत. मी खोटं बोलले, मामी. मी ती खाल्ली नाहीत. ती मी सोमवारी मशीनला लावली.

जे यायचं तेच आलं.

मी मामांना लॅबच्या मागच्या पायरीवर बसवलं आणि कागद समोर ठेवला. ते कागद बघेनात. माझ्याकडंही बघेनात. मला वाटत होतं की ते चिडतील. म्हणतील, पोरी, तुझं डोकं फिरलंय. मला तेच हवं होतं. मी त्यांची माफी मागायला तयार होऊन बसले होते. त्यांनी नाकारलंच नाही.

म्हणाले, पहिला प्लॉट दोन वर्षांमागचा. त्याच्या आदल्या वर्षी त्या माणसानं नियमानं फवारलं होतं, तोडणीआधी नियमानं थांबला होता. शेजाऱ्याची फवारणी वाऱ्यानं त्याच्यावर आली आणि तो नापास झाला. त्याची चूक नव्हती. पुढच्या वर्षी त्याच्या बांधावर उभं राहिल्यावर मामांचे पाय प्लॉटकडं वळेनात. ते घरी आले आणि मांडवातले घड पिशवीत भरले. मग दुसऱ्यानं डोळ्यांनी विचारलं. मग तिसऱ्याला विचारावंही लागलं नाही. "रिपोर्ट फेल आला की मानसं मशीनकडं बघत न्हाईत, पोरी. माझ्याकडं बघत्यात."

मी म्हटलं, आणि मी? मी कुणाकडं बघू?

कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही त्यांनी. हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच जास्त लागलं. लबाड माणसानं फसवलं असतं तर मी तोंड फिरवून मोकळी झाले असते. मला नमुना शिकवणाऱ्या माणसानं माझ्या हातात खोटी पिशवी दिली, आणि दोन वर्षं रोज सकाळी विचारलं, "जेवलीस का?"

मी लॅबच्या साहेबांकडं जायला उठले तर मामांनी हात धरला. म्हणाले, "आठ दिवस दे. मी सोताच सांगतो समद्यांना. घरोघर जातो." मी दिले. ती माझी चूक. मी त्या आठ दिवसांत साहेबांपुढं तोंड उघडलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी धार काढता काढता मामा गेले. मी पाचही घरी चौकशी केली, मंडळी. एकाही घरी ते गेले नव्हते.

सांगतो म्हणाले, आणि गेले. हे काम माझ्यावर टाकून गेले. मामा, ह्याचा राग आहे. पहिल्या गोष्टीपेक्षा ह्याचा जास्त आहे.

काल मी मामींच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, नको म्हणालात तर सभेत बोलणार नाही, दुसरीकडं बोलेन. मामी म्हणाल्या, "बोल. पर त्यांना चोर म्हनू नको." मी म्हणत नाही. मला त्यांच्यासाठी दुसरा शब्दही सापडत नाही.

आज का बोलले? कारण गुरुवारपासून तोडणी आहे, आणि ते पाच शेतकरी इथंच, या सभेत बसलेत. तुमच्या प्लॉटमध्ये खरं काय आहे, ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. ती द्राक्षं कुणाची तरी पोरं न धुता खातील, माझ्यासारखीच, कुणीतरी चांगली म्हटल्यावर. तिकडं परदेशात एक पेटी पकडली गेली तर जुन्नर-आंबेगावच्या खऱ्या रिपोर्टवरही पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही. साहेबांना मी काल सगळं लिहून दिलंय. पाचही रिपोर्ट रद्द झालेत. उद्या सकाळी मी स्वतः पिशव्या घेऊन येतेय. आत शिरणार, नागमोडी चालणार. जे निघेल ते निघेल. नापास झालात तर माझ्याकडं बघा. मी मान खाली घालणार नाही.

आता आपण दोन मिनिटं शांत राहू. रीत अशी की सगळे उभे राहतात. आज तसं नको. ज्यांच्या नावाची पिशवी त्या मांडवात भरली गेली, यंदा किंवा मागं कधी, त्यांनीच उभं राहावं. बाकीच्यांनी बसून राहावं. माझ्याकडं यंदाची नावं आहेत. मी वाचणार नाही.

मामी, तुम्ही बसा. तुमचा काय संबंध. तुमचा कुठं प्लॉट आहे?

काय म्हणताय?

मंडळी, मागं ऐकू गेलं नसेल. मामी म्हणतायत, घड त्या तोडून द्यायच्या.

मला हे माहीत नव्हतं, मामी. त्या रविवारी तुम्ही मला घड दिलेत तेव्हा तुम्हाला माहीत होतं. तरी दिलेत.

राहा उभ्या. कुणीतरी त्यांना हात द्या.

गणपतभाऊ उठले. त्यांच्या मागं आणखी एक. तिकडं खांबापाशी दोघं. पाच झाले. अजून उठतायत.

पोरांनो, खाली बघा. कोण उठलं ते मोजू नका. मी उभीच आहे. पाचही रिपोर्टवर सही माझी आहे.

आता कुणी बोलू नका.