कातरमाळ येथील कोंडवाड्याचे कुलूप तोडल्याबाबत

जबाब, दि. १४/१२/२००५

नाव लुबुम ग्याल, वडिलांचे नाव डुगकर, वय २३, धंदा थंडीपुरती स्वेटर विक्री, शिक्षण दुसरीपर्यंत, मूळ राहणार आम्दो, तिबेट. सध्या राहणार तिबेटी स्वेटर बाजारामागील खोली, नाशिक.

मी ठाण्यात आपल्या पायाने आलो आहे. विचारल्यावरून सांगतो ते असे.

साहेबांनी आधी 'नेपाळी' लिहिले होते, ते खोडले आहे. मी नेपाळी नाही, चिनीही नाही.

आमचे घर मेंढ्या व याक पाळणारे. सतरा वर्षांचा असताना मी डोंगर ओलांडून इकडे आलो. निघताना वडिलांनी माझ्या आयुष्यासाठी एक मेंढी मोकळी सोडली. तिच्या कानात लाल फीत ओवली. अशी मेंढी कापत नाहीत, विकत नाहीत, ती म्हातारी होऊनच मरते. आमच्यात तसा रिवाज आहे.

या दिवाळीत बहिणीचा फोन आला. सरकारी माणसे आली. म्हणाली, गवत संपत चालले, नद्या आटतात, जनावरे हटवा. कुरणाला तार घातली. आईवडिलांना रस्त्याकडेला सिमेंटच्या खोलीत ठेवले. मेंढ्या ट्रकात भरल्या. मी विचारले, माझी? ती म्हणाली, तीसुद्धा. मी म्हणालो, वडिलांना फोन दे. फोन कट झाला. नंतर लागला नाही.

मल्हारी हा धनगर दर थंडीत देवळाली कॅम्पच्या पलीकडे कातरमाळाखाली मेंढरे बसवतो. बाजार बंद असेल त्या दिवशी मी सायकलने त्याच्या मेंढरांच्या वाड्यावर जातो. काम काही नसते. जाऊन बसतो. त्याची बायको वत्सलाबाई मला 'चपट्या' म्हणते आणि चहा देते.

परवा सोमवारी सकाळी गेलो तर वाडा रिकामा. वत्सलाबाई म्हणाली, "गावच्या वन समितीनं कोंडली रे सगळी. माळ बंद केलाय म्हणं." माळावर चराईबंदीचा बोर्ड आणि तार यंदाच लागली. मल्हारीचा आजा तिथेच चारायचा. मेंढरे समितीच्या दगडी कोंडवाड्यात कुलपात होती. आत पाणी नव्हते. कोकरे बाहेर राहिली होती, ती भिंतीपाशी ओरडत होती.

समितीचा राखणदार सहादू म्हणाला, "इथं झाडं लावायचीत. गवत वाचवायचं तर मेंढरं हटवायलाच लागतात. वरून आलंय."

मी म्हणालो, वरून म्हणजे कुठून?

"तुला काय करायचंय रे? जा, स्वेटर वीक."

तारेच्या आत पोकलेन मुरूम खणत होता. मी बोट दाखवले. तो म्हणाला, "ते येगळं. त्याला परवानगी हाय."

तेवढ्यात कळपात एका मेंढ्याच्या कानात लाल फीत दिसली. त्यानंतर सहादू काय बोलला ते मी ऐकले नाही. दगड घेऊन कुलूप तोडले. सहादू आडवा आला, त्याला ढकलले, तो बाभळीत पडला. मारले नाही. मल्हारी त्या वेळी सरपंचाकडे गेला होता. तो तिथे नव्हता हे ठळक लिहावे. साहेब म्हणाले, जबाबात ठळक असे काही नसते. मग दोनदा लिहावे. मल्हारी तिथे नव्हता.

मेंढरे माळ उतरून गेली. फीतवाला मेंढा मी धरून वत्सलाबाईकडे नेला. म्हणालो, "हा सोडलेला आहे ना? याला कोणी हात लावायचा नाही."

ती हसत सुटली. "आरं येड्या, त्यो म्हसोबाला बोललाय. रविवारी कापायचा."

मी म्हणालो, कापू नका. मल्हारी आला तो म्हणाला, "देवाला शब्द दिलाय. तुझ्या रडण्यानं मोडू व्हय?" मी रडत नव्हतो. मी त्याला शिवी दिली. त्याने माझ्या तोंडात मारली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आज बाजारात कळले की कुलूप तोडले म्हणून मल्हारीला इथे आणून बसवले आहे, आणि समितीने मेंढरे परत कोंडली आहेत. म्हणून आलो. साहेबांनी मला समजावून सांगितले की तू परदेशी नोंदणीवर राहतोस, गुन्हा लागला तर कागद नवा होणार नाही, नाशिकला राहणे बंद होईल. समजले. लिहा.

मल्हारीचा मला अजून राग आहे. मेंढरे सुटली तर रविवारी तो मेंढा कापला जाईल, हे मला माहीत आहे. तरी कुलूप त्याने तोडले नाही, मी तोडले. त्याची मेंढरे त्याला द्यावीत, सगळी, तो मेंढासुद्धा. मेंढरे त्याची आहेत. समितीची नाहीत, माझीही नाहीत. आमच्या घरची नेली तेव्हा मी तिथे नव्हतो. इथे मात्र होतो.

साहेबांनी जबाब मला वाचून दाखवला, अडले तिथे हिंदीत सांगितला. शेवटी 'झाल्या प्रकाराचा मला पश्चात्ताप होत आहे' असे एक वाक्य निघाले. ते मी बोललो नव्हतो. ते काढायला लावले. राहिलेला जबाब मी सांगितला तसाच आहे आणि खरा आहे.