भाईच्या कम्प्युटरवर विंडोज

चालू कम्प्युटरची वायर एकदम खेचली, तर तो मरते का? नाई, मले फक्त एवढंच सांगा! बाकी काई नको. चंद्रपूरच्या कम्प्युटरवाल्या प्रफुलले विचारलं, तो म्हणे, "व्होल्टेजचं असेल बे." आमच्या इमामसाहेबांना विचारलं, ते म्हणे, "सबर करो बेटा." शाळेत कम्प्युटर शिकवते त्या सरले विचारलं, तर सर उलटं मलेच विचारते, "विंडोज कोणती होती?" आता मले काय माहीत कोणती होती! मी सायकलचे पंक्चर काढणारा माणूस, चवथीत शाळा सोडली, मले ट्यूबचा नंबर विचारा, मी झोपेत सांगतो!

तुम्हाले सांगतो, कम्प्युटर माझा नाई. माझ्या मोठ्या भावाचा, जुबेरभाईचा. मूल गावात बसस्टँडच्या मागं आमचं घर, पुढची खोली म्हणजे भाईचं टायपिंगचं दुकान. पत्रिका टाइप करे, अर्ज टाइप करे, आणि ऑटोवर भोंगा लावून फिरते ना... "सेल, सेल, सेल, साड्यांचा महासेल!"... तो भाईचा आवाज! सर्कस आली की भाई, उरूस आला की भाई, पल्स पोलिओ आला तरी भाईच! कम्प्युटरात माइकवर बोले, मग त्याची कॅसेट करून देई. साधं मीठ मागितलं तरी वाटे मिठाचा सेल लागला.

तर भाई जानेवारीच्या सुरुवातीले कागद आणायले मोटरसायकलनं चंद्रपूरले निघाला. मले म्हणे, "दुकानात बस. कम्प्युटर चालू हाय, हात लावू नको, हा आलोच." आला नाई. ट्रक होता. निरोप घेऊन माणूस दुकानासमोर आला, आणि मी उठून पहिलं काम काय केलं असेल? कम्प्युटरची वायर खेचली! काऊन खेचली? मले नाई माहीत. आग लागली की माणूस आधी मेन स्विचकडं धावते, तसं काई असेल. त्यानंतर लावला, तर काळी स्क्रीन, त्यावर पांढरी इंग्रजी, आणि आतून आवाज... कर्र्र-कट. कर्र्र-कट.

म्हणून म्हणतो, मरते का? कोणी सांगत नाई.

आता तुम्ही म्हणाल, पडू दे बंद, भंगारात दे. कसा देऊ? भाईचा आवाज त्यातच राह्यला ना! फोटो आमच्याकडं भिंतीवर लावत नाई, आमची मावशी, हाजरा खाला, लावू देत नाई. कॅसेटा शोधल्या मी, सारे ऑटोवाले पालथे घातले, तर सगळ्यांनी वरून गाणी भरलेली! एक कॅसेट सर्कशीवाल्याकडं मिळाली, लावली, तर त्यात वाघ! पाच मिनिटं नुसता वाघ गुरगुरून राह्यला. आणि भाईची पोरगी आफ्रीन, तीन वर्षांची, रोज कम्प्युटरसमोर जाऊन बसे, "अब्बा को चालू करो." रोज!

आणि दुसरीकडून फरहाभाभी. भाईनं तिले टायपिंग शिकवलं होतं, इंग्रजी फाडफाड वाचते, बारावी हाय. ती म्हणे, "रईसभाई, मशीन चालू करून द्या, दुकान मी चालवते." आणि काम आलंही! आमच्या ओळखीचे लटारूभाऊ, त्यांच्या ज्योत्स्नाचं लग्न, पत्रिका उद्या सकाळी छापखान्यात पाहिजे. भाऊ म्हणे, "जुबेरनं कबूल केलं होतं, म्हणून तुमच्याकडंच आलो. पण उद्या नाई झालं तर मले चंद्रपूरले जावं लागेल, वाईट मानू नको बावा." म्हणजे आज झालं तर दुकान, नाई तर कुलूप.

मी आदल्याच दिवशी प्रफुलकडं जाऊन आलो होतो. त्याच्या काउंटरवर उभा राहून आवाज काढून दाखवला, कर्र्र-कट, कर्र्र-कट. चार गिऱ्हाईकं माझ्याकडं पाहून राह्यले. प्रफुल म्हणे, "डिस्क कमजोर झाली. बसमध्ये टाकून आणू नको, हादरा बसला की संपली. जागच्या जागी विंडोज टाक." मी म्हणलो, "तू चल ना." तो म्हणे, "शाळांचे निकाल टाइप करून राह्यलो, मरायले टाइम नाई." असं बोलून गेला, मग त्यालेच वाईट वाटलं. एक सीडी दिली, एक फ्लॉपी दिली, एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीच्या खाली लिहिलं होतं, जिथं जिथं विचारेल तिथं वाय दाबायचा. म्हणलं, झालं काम! एबीसीडी मले येते, पण सुटी सुटी, अक्षरं एकत्र आली की ओळखत नाई. वाय मात्र पक्का. पोरं चिमण्या मारते त्या गुलेरीसारखा दिसते. मले बाकी काई नाई येत, वाय येते!

पण तुम्हाले खरी गंमत सांगितलीच नाई. भाभी इद्दतमध्ये! आमच्यात नवरा गेला की चार महिने दहा दिवस बाई आतच राहते, परक्या पुरुषासमोर येत नाई. मी म्हणलो, मी परका कसा? सात वर्षं त्या भाभीच्या हातचं खाल्लं. तर खाला म्हणे, (अम्मीची मोठी बहीण ती, भाईच्या मातीले आली ती राह्यलीच) "देवर भी नामहरम है. परदे के पीछे से बोलेगी." वर दुकान पूर्ण उघडं! दुकानाच्या फळ्या मयतीच्या दिवशी लोकांना बसायले काढल्या, त्या परत आल्याच नाई. कोण घेऊन गेलं? विचारता येत नाई, मयतीले आलेल्या माणसाले फळ्या विचारता येते का?

म्हणजे आता बघा कसं झालं. ज्याले स्क्रीन दिसते त्याले वाचता येत नाई, आणि जिले वाचता येते तिले स्क्रीन दिसत नाई! मधात पडदा. पडद्याजवळ वेताच्या मोढ्यावर खाला, हातात जपाची तसबीह.

घरी आमी हिंदीत बोलतो, तुमच्यासाठी मराठीत सांगतो. फ्लॉपी घातली, बटण दाबलं, कर्र्र-कट. अक्षरं आली. मी ओरडलो, "भाभी, एस! ई! टी! यू!..." भाभी आतून, "पी असेल. सेटअप. पुढं?" मी म्हणलो, "पुढं लय हाय." "मग सांगा ना." "एकदम कसं सांगू, एक एक निघते." रस्त्यानं लोकं जाऊन राह्यले, त्यांना काय दिसते? जुबेरचा भाऊ दुकानात बसून एबीसीडी ओरडून राह्यला. एक म्हातारा थांबला, मले म्हणे, "रोज असंच पाठ करत जाय, येईल तुले." सीडीचा नंबर पंचवीस अक्षरांचा. पंचवीस! त्यात मी आठाले बी म्हणलो, बीले आठ म्हणलो. खाला आतून, "अरे ये मशीन है या मदरसा?"

जिथं विचारलं तिथं वाय. बाकी काई नाई येत, वाय येते! सुरू झालं, निळी पट्टी सरकत गेली, मी खूश, आणि छत्तीसवर अटकली. कर्र्र-कट. परत पहिल्यापासून. परत छत्तीस. तिसऱ्यांदा मी कम्प्युटरले एक झापड मारली. तेव्हाही छत्तीसच.

चौकातल्या एसटीडीवर पळत गेलो, प्रफुलले फोन लावला. तो म्हणे, "मग फॉरमॅट मार. म्हणजे डिस्क धुऊन साफ, मग टाक. चिठ्ठीच्या मागं लिहिलं हाय." मी पळत परत. चिठ्ठीच्या मागचं एक एक अक्षर पाहून दाबलं. तर स्क्रीनवर ओळ आली. मी ओरडायले लागलो, "डब्ल्यू, ए, आर, यन..." भाभी म्हणे, "वॉर्निंग. धोका. पुढं?" "ए, एल, एल. डी, ए, टी, ए..." मी म्हणलो, "भाभी, शेवटी वाय हाय! वाय आणि यन! वाय दाबू?"

आणि बोट माझं वायवर गेलं होतं, बरं का. मी तसाच हाय. आधी दाबतो, मग विचारतो. पण त्या दिवशी बोट तिथंच राह्यलं, खाली गेलं नाई.

भाभी म्हणे, "वाय दाबला तर आतलं सगळं जाईल."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं, रईसभाई. त्यांचा आवाजही."

खालाची तसबीह थांबली. रस्त्यावरून एक ऑटो भोंगा वाजवत गेला, दुसऱ्याच कोणाचा आवाज होता, एकदम भिकार. भाभी म्हणे, "दाबा." मी म्हणलो, "नाई." ती म्हणे, "पत्रिका उद्या द्यायची हाय. आफ्रीनले मी पोसणार कशी? दाबा." मी म्हणलो, "मी पोसतो ना!" तर भाभी काय म्हणे... "तुम्हाले कोण पोसते?" बरोबर बोलली! काय चुकीचं बोलली?

मी यन दाबला. आयुष्यात पहिल्यांदा. कुठी हाय तेच माहीत नव्हतं, शोधून दाबला.

परत एसटीडी. प्रफुलले म्हणलो, "लेका, भाईचा आवाज हाय आत, धुऊ कसा?" तो म्हणे, "हे आधी सांगायचं ना बे! बरं, एक करता येते. फ्लॉपीत मावेल तेवढं काढून घे. एक फाइल, जिच्यापुढं चौदा लाखाच्या आतला आकडा असेल ती. त्याहून मोठी नाई मावत. आणि लवकर कर, डिस्क किती दम धरेल सांगता येत नाई."

प्रफुलनं फोनवर अक्षरं सांगितली, ती दाबून यादी काढली. आता इंग्रजी थोडी, आकडे जास्त, आणि आकडे मले येते! "एस, ए, एल, ई, त्रेपन्न लाख." भाभी म्हणे, "साड्यांचा सेल. नाई मावत." "सी, आय, आर... अठ्ठ्याऐंशी लाख." "सर्कस. नाई." उरूस, नाई. पोलिओ, नाई. चौदा फाइली, एकएक वाचत गेलो, भाभी एकएक सोडत गेली. "नाई. नाई. तीही नाई." भाई बोलायले लागला की थांबत नव्हता ना! थोडं कमी बोलला असता तर आज मावला असता! शेवटी एक निघाली. "टी, ई, एस, टी. चार लाख नव्वद हजार!" भाभी म्हणे, "टेस्ट. माइक तपासला असेल." मी म्हणलो, "चालेल?" ती म्हणे, "आवाज हाय ना? चालेल."

फ्लॉपीत घेतली. कर्र्र, कर्र्र, कर्र्र... खाला मोठ्यानं दुवा वाचून राह्यली, मी टेबल धरून बसलो, जसं काई टेबल पळून जाईल. "वन... एफ, आय, एल, ई... सी, ओ, पी..." भाभी म्हणे, "झाली. आली."

मग मी वाय दाबला. बाकी काई नाई येत, वाय येते... पण इतका जड वाय मी कधी दाबला नाई.

धुतल्यावर सरळ चालली बावा! छत्तीस ओलांडला, पन्नास, सत्तर, शंभर. रंगीत स्क्रीन आली, टॅडँग वाजलं, आणि तेव्हा खाला मोढ्यावरून उठून काय म्हणते, तुम्हाले सांगतो... "अरे रईस, सामने से चादर बांध के तू रोड पे खड़ा हो जाता, तो फरहा खुद ही कर लेती ना."

सकाळपासून! सकाळपासून ही बाई तिथं बसून होती! मी म्हणलो, "खाला, हे आता सांगते?" म्हणे, "तूने पूछा कब?"

बांधली चादर. मी रस्त्यावर, भाभी दुकानात. तिनं पत्रिका टाइप केली. सकाळी लटारूभाऊ आले, चष्मा लावून वाचली, म्हणे, "जुबेरसारखीच झाली." दुकान राह्यलं. तेव्हापासून चालूच हाय.

मग भाभीनं ती फ्लॉपी लावली. मी चादरीच्या बाहेर, ती आणि आफ्रीन आत. आधी खरखर. मग खोकला. मग भाई, अगदी जवळ बसल्यासारखा... "हॅलो. हॅलो. माइक टेस्टिंग. एक, दोन... अबे रईस, पंखा बंद कर ना! फडफड येऊन राह्यली. गधा कुठला."

संपलं. अकरा सेकंद. सगळ्या मूल गावाशी गोड बोलला तो माणूस, ते सगळं धुऊन गेलं, आणि मावलं काय? मले शिवी दिली तेवढी! आत भाभी रडते का हसते मले चादरीतून समजेना. आफ्रीन म्हणे, "फिर से."

आता इद्दत संपली, पडदा गेला, चादर काढली, पण त्या पोट्टीचं "फिर से" काई संपत नाई. दिवसातून दहादा लावते. आणि हा उन्हाळा, मे महिना, आमच्याकडं घरातला माठही तापते. पण भाईचं "पंखा बंद कर" आलं की ती माझ्याकडं बघते. नुसतं बघते. मी नाई उठलो तर म्हणते, "चाचा, अब्बा ने बोला ना."

आता इथं तुमच्याकडं यायले निघालो, चप्पल घातली, तर आतून परत लागलं. चप्पल काढली, आत गेलो, पंखा बंद केला, आणि आलो.