मशीन फिरतंय तोवर

— हळू बोला हो दादा, हळू. दुकानात बोलता तसं इथं नको. बायको मागच्या गॅलरीत आहे, कपड्यांचं मशीन लावलंय, ते फिरतंय तोवर आपलं काय ते उरकून घेऊ. दिसत नाही तिला, पण कान असे तिखट आहेत की शेजारच्या घरात कुणी कूस बदलली तरी हिला कळतं. — काय म्हणालात? कॉम्प्युटर ठणठणीत आहे? ते मलाही कळतंय हो. मग हिला पडद्यावरचं मोठ्यानं वाचून का दाखवत नाही? हे बघा, दाखवतोच. घड्याळ — ऐका, वेळ सांगितली. लेकीचं पत्र — वाचलं. खाली कुठल्याशा गादीची जाहिरात आलीय, न विचारता तीही वाचली, खणखणीत. आता हिचं पुस्तक उघडतो हं. 'संरक्षित मजकूर.' संपलं! पुढं मिठाची गुळणी धरून बसलाय.

— अस्सं. म्हणजे आतल्या सिस्टिमचाच नवा नियम. पडद्यावर अक्षरं दिसणार, पण दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामच्या हाती ती लागू द्यायची नाहीत — का, तर तो उतरवून घेईल आणि गावभर फुकट वाटेल. म्हणजे चोर आणि हिला वाचून दाखवणारा, दोघे एकाच माळेचे मणी! अहो, पण पुस्तकं विकत घेतलीत, सगळीच्या सगळी. जुन्या कॉम्प्युटरवर हीच पुस्तकं तो घडाघडा वाचायचा. जावईबापूंनी हौसेनं नवा आणला, जुना बदल्यात देऊन टाकला, पुस्तकं इकडं आणली आणि झालं. हिचे डोळे एकदा साखरेच्या आजारानं नेले, दुसऱ्यांदा ह्यानं. — केला की फोन, कंपनीला. बाई फार गोड बोलली. म्हणाली, मॅडमना अक्षर मोठं करून बघायला सांगा. मोठं! भिंतीएवढं करतो म्हटलं, मग दिसेल का? तर म्हणाली, आणखी काही मदत हवी आहे का.

दादा, तुम्ही तोडा ना ते कुलूप. तुमच्यासारख्यांना येत असणार. — नाही? — हो, गुन्हा आहे, खरंय, तुमचंही पोट आहे त्यावर. मी आपलं विचारून बघितलं. रागावू नका.

सध्या मीच वाचतो की, रोज संध्याकाळी. बसस्टँडवर घोषणा करायचो मी, नोकरीच ती होती — फलाट चारवर लागलेली गाडी सुटण्याच्या तयारीत आहे — अख्ख्या स्टँडवर घुमायचा आवाज. ही तिकिटाच्या खिडकीत. तोंड न बघता आवाजावर भाळले, असं ही म्हणते. तोंड बघून पस्तावली, असं मी म्हणतो. पण वाचायला मी कुचकामी. खुनाची गोष्ट असली आणि खुनी खोलीत आला की माझा आवाज आपोआप घोगरा होतो, ही लगेच खुनी ओळखते, की झाला गोष्टीचा विचका. प्रेमाबिमाचं आलं की मी दोन ओळी गाळतो — तेही हिला कळतं. 'मागं जा,' म्हणते, 'गाळलंस ते वाच. मशीन बरं होतं, ते लाजत नव्हतं.'

— मग वाचणारा घरात असताना घाई कसली, असं तुमच्या मनात आलंय ना? चेहऱ्यावरच दिसतंय. — हा माझा आवाज ऐकताय? खरखर? सर्दी नाही ही. हिला सर्दी म्हणून सांगितलंय. — सोमवारी काढतायत. नुसती गाठ नाही हो, स्वरयंत्रच, अख्खं. डॉक्टर म्हणाले, खाता येईल, फिरता येईल, सगळं पहिल्यासारखं, फक्त बोलणं नाही. मी म्हटलं चालेल, मी लिहून दाखवीन. आणि लिफ्टमध्ये आल्यावर डोक्यात प्रकाश पडला — दाखवीन कुणाला? — तेवढं हा कॉम्प्युटर वाचेल म्हणा, 'चहा ठेवू का' मी टाइप केलं की तो सांगेल. पण संध्याकाळी काय करायचं आम्ही? समोरासमोर बसायचं, एक मुका, एक आंधळी? आणि उद्या आणखी काही नवं आलं, आणि त्याला माझ्या चिठ्ठ्याही चोरीच्या वाटल्या, तर?

नाही सांगितलं अजून. कसं सांगू? म्हटलं आधी ह्याला बोलतं करावं, मग हिला सांगावं. रिकाम्या हातानं नको. भित्रा आहे मी, म्हणा खुशाल. माईकमागं बसून आयुष्य गेलं, तिथं कुणाच्या तोंडाकडं बघून बोलावं लागत नाही. आता मला नुसती भीती वाटते, दादा, दिवसभर. ऑपरेशनची नाही हो. ही हाक मारील आणि मला 'ओ' देता येणार नाही, त्याची —

थांबा. मशीन कधी थांबलं?

— अगं. तू किती वेळ अशी उभी आहेस दारात? — कपडे ओले आहेत, खाली ठेव आधी ते. — नाही, ह्यांना नाही जमत. त्यांचा दोष नाही. — हो. सोमवारी. — हो, अख्खं. — सांगणार होतो गं. — नको, तू हात धरू नकोस माझा, मग मला बोलता येत नाही. — आत्ता? अजून ऊन आहे बाहेर, आपण संध्याकाळी — बरं. बरं, आत्ता. बसतो वाचायला.

दादा, तुम्ही निघा. — नाही नाही, बंद नका करू, अक्षरं राहू द्यात पडद्यावर, मला लागतील.

काय म्हणालीस? — नाही गाळणार. एकही ओळ नाही गाळणार.

दादा, जाताना दार ओढून घ्या.