मशीनच्या मते मी कालच आलो

...आणि वर म्हणतात कसे, मशीन चुकत नाही. बरं, नाही चुकत. पण मग मी सकाळी भोंग्याच्या आधी सातपूरला कंपनीच्या गेटवर उभा, आणि मशीन लिहितं, 'कोंडाजी, काल रात्री हजर'... अहो, काल रात्री मी घरी पिठलं-भाकरी खात होतो, विचारा आमच्या वत्सलेला!

तुम्हाला सांगतो, लेथवर लागलो तेव्हापासून मला उशीर माहीत नाही. हातात घड्याळ नाही तरी. त्र्यंबककडची पहिली एस्टी गेली की चपला घालायच्या आणि निघायचं. आणि यंदा कंपनीनं जाहीर केलं, वर्षभर जो वेळेवर, त्याला खंडेनवमीला मनगटी घड्याळ. आता माझ्याशिवाय आहे कोण? वत्सलेनं अख्ख्या कॉलनीत सांगून टाकलं, घड्याळ काढून ठेवायला भिंतीला खिळासुद्धा ठोकला... आणि नेमका श्रावणात आला तो हजेरी लिहिणारा कॉम्प्युटर. अमेरिकेहून. आत युनिक्स का काय ते, आणि वेळसुद्धा परदेशीच.

ती बदलायला पुण्याहून उपेंद्र साहेब आले. गळ्यात टाय, तोंडात सुपारी. 'काय आहे कोंडाजी, विलायतेच्या वेळेपेक्षा आपण साडेपाच तास पुढे. म्हणून इथं अधिक साडेपाच.' आणि ठोकलं अधिक. मला काय कळतंय त्यातलं, मी मान हलवली. पण त्या मशीनचा कायदा उलटा हो... जो पुढे, त्याला उणे लिहायचं! हे साहेबांना कळलं कधी, तर सगळं होऊन गेल्यावर. तोवर साडेपाच पुढे जायच्या ऐवजी साडेपाच मागे, म्हणजे अख्खी कंपनी अकरा तास मागे.

सकाळची हजेरी पडायची आदल्या रात्रीची, म्हणजे आदल्या दिवसाच्या कामाला पहिली पाळी झाडून सगळी उशिरा. मोठे साहेब खूश, 'बघा, मशीन आलं आणि तुमचं पितळ उघडं पडलं.' म्हटलं, साहेब, तुमची गाडी येते तेव्हा मी रोज आत लेथवर असतो की... 'कोंडाजी, माणूस चुकतो. मशीन चुकत नाही.'

आणि आमचा बहिरू... रात्रपाळीचा. भोंगा होऊन गेल्यावर डोळे चोळत येणार, कानावर अर्धी विडी. त्याला मशीन म्हणतं, बहिरू भरदुपारीच हजर. रोज! इतका लवकर येणारा माणूस कंपनीत झालाच नाही म्हणे...

खंडेनवमीला कॉम्प्युटरला हळदकुंकू, झेंडूचा हार. आणि मोठ्या साहेबांनी हिशेब धरला फक्त मशीनच्या हजेरीचा, घड्याळ बहिरूला. मी टाळ्या वाजवल्या, काय करणार? वत्सला बायकांत बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. तिनं तोंडाला पदर लावला तो घरापर्यंत काढला नाही. फार वाईट वाटलं हो.

दिवाळीच्या सुमाराला उपेंद्र साहेब परत आले, अधिकाचं उणे केलं, वेळ जागेवर. म्हटलं, आणि माझं मागचं? 'ते छापून मुंबईच्या मोठ्या ऑफिसात गेलं, कोंडाजी...' बिचाऱ्यांनी सुपारी पुढे केली. मी घेतली.

खिळा तसाच आहे. आणि बहिरूला घड्याळाला चावी द्यायचा कंटाळा, ते रोज बंद. सकाळी पाळी सुटली की गेटवर माझी वाट बघत उभा. मी दिसलो रे दिसलो की चावी पिळतो, 'दादा आले, म्हणजे पावणेसात,' काटे लावतो, मला म्हणतो, 'मशीन चुकेल, पण दादा चुकायचे नाहीत...' आणि घड्याळ खिशात टाकून झोपायला जातो.