पिठल्याच्या बाबतीत मी अलिप्त

...आणि वर मलाच विचारतात, "मधुसूदनराव, कुत्रा तुमचा का?" अहो, माझा कसला! तुम्हाला सांगतो, कागदावर तो जुईच्या नावाचा, जुई म्हणजे माझी मुलगी, सातवीत आहे. खातो विनीताच्या हातचं, विनीता म्हणजे आमचं कुटुंब. आणि मूळचा तो विंग कमांडर घोरपड्यांचा, तिकडं बख्शी का तालाबला एअर फोर्समध्ये आहेत ते. यात मी कुठं आलो? मी बँकेतला माणूस, कराडहून बदली होऊन लखनौला आलेला, तेलीबागेत भाड्याच्या घरात राहणारा, स्वतःची शुगर सांभाळता सांभाळता नाकी नऊ आलेला! कुत्रा या विषयाशी माझा संबंध काय? मला काय, मी आपला अलिप्त!

झालं काय, घोरपड्यांच्या लॅब्रेडॉर कुत्रीला झाली सात पिल्लं. आता एखाद्याच्या घरी पिल्लं झाली तर आपण काय करतो? "वा वा" म्हणतो आणि चहा पिऊन येतो. आम्ही चहा प्यालो, "वा वा" म्हणालो, आणि निघताना बघतो तर गाडीत मागच्या सीटवर जुईच्या मांडीवर एक पिवळा गोळा! पिवळा म्हणजे कसा, तर ताटात वाढलेल्या पिठल्यासारखा. मी आपलं सहज म्हणालो, "हे पिठलं कुठून आलं?" संपलं! त्याचं नाव पडलं पिठल्या. कागदावरचं नाव निराळं आहे हां, 'रॉयल सनराइज ऑफ गोमती'. कागद म्हणजे साधा नाही, त्यात याच्या तीन पिढ्या, आईकडच्या आणि बापाकडच्या, सगळे चॅम्पियन. मला माझ्या पणजोबांचं नाव आठवायला आईला फोन लावावा लागतो, आणि या दोन महिन्यांच्या प्राण्याच्या पणजीचा जन्म कुठला ते छापील! बरं, असू दे. आपल्याला काय करायचंय?

पण घोरपड्यांनी अट घातली. त्यांचा आवाज असा, विमानाच्या पंख्यापुढं उभं राहून बोलायची सवय असल्यासारखा... "हे बघा राव! हे पिल्लू नुसतं पाळायला नाही! डिसेंबरात लखनौचा डॉग शो आहे, त्यात उतरवायचं! नीट तयार केलंत तर तुमचं! नाहीतर दिल्लीला माझे मित्र आहेत, निरंजन धारप म्हणून, शोचेच कुत्रे तयार करतात, ते शोच्या दिवशी मैदानावरनंच घेऊन जातील! कबूल?" मी तोंड उघडायच्या आत मागून जुई ओरडली, "डन अंकल!"

आता मी म्हणेन, परत गेला तर सुटलो. म्हणालोही असतो. पण एक सांगतो, लखनौला आल्यापासून आमची ही पोर घरात बोलायचीच नाही हो. आपण मराठीत विचारायचं, ती हिंदीत उत्तर देणार, आणि उत्तर तरी किती? "हाँ." "ना." "रहने दो ना यार." मैत्रिणी सगळ्या कराडला राहिल्या. आणि पिठल्या आला त्या दिवशी संध्याकाळी मी ऐकतोय, आतल्या खोलीत कुणीतरी मराठीत बोलतंय, "अरे, असं नाही करायचं शोन्या, चप्पल बाबांची आहे, रागावतील ते..." बघतो तर जुई! चांगला अर्धा तास बोलत होती. चप्पल गेली ती गेलीच. मी नवी आणली. मी आपला अलिप्त.

मग सुरू झाली तयारी! दर रविवारी सकाळी सरोजिनी नगरला मैदानावर क्लास. शिकवायला शुक्लाजी. साठीचे गृहस्थ, कानटोपी घातलेले, आणि लखनौचे असल्यामुळं कुत्र्यालासुद्धा अहोजाहो! "बैठिए बेटा... अरे, बैठिए तो सही... हाँ, शाबाश, अब ज़रा उठने की ज़हमत कीजिए..." आणि आमचा पिठल्या त्यांच्याकडं बघत उभा. कारण घरी त्याला विनीता सांगते, "बस खाली, मेल्या!" ते कळतं त्याला. शुक्लाजी मला म्हणाले, "साहब, आप ही अपनी ज़बान में कह दीजिए।" आता मी, शाखेत ज्याच्यापुढं बावीस माणसं उभी राहतात, त्या मी भर मैदानात तीस लखनवी लोकांपुढं ओरडायचं, "बस खाली, मेल्या"? ओरडलो. बसला लगेच. माझ्या शेजारचा एक माणूसही बसला, तो सोडा.

तिथं खेळही असतात. उड्या मारायच्या, काठ्यांच्या मधून नागमोडी पळायचं, आणि एक कापडी बोगदा असतो, लांबलचक, त्यात एका तोंडानं शिरून दुसऱ्या तोंडानं बाहेर यायचं. बाकीचे कुत्रे शिरत होते, सुळकन बाहेर येत होते. पिठल्या शिरला... एक मिनिट गेलं... दोन गेली... जुई हाका मारतेय, विनीता बिस्किट दाखवतेय, शुक्लाजी वाकून, "तशरीफ़ लाइए हुज़ूर..." आणि आतून घोरण्याचा आवाज! उबदार लागलं, झोपला! आता बोगद्यात शिरणार कोण? विनीता म्हणाली, "अहो, तुम्ही बघा ना जरा." बघा म्हणजे काय? नुसतं बघायचं असतं तर मीही बघितलं असतं! इस्त्रीच्या पँटीत चार पायांवर रांगत गेलो तुम्हाला सांगतो, आत त्यानं डोळे उघडले, माझं तोंड चाटलं, आणि परत झोपला. शेवटी मी उलटा सरकत त्याला ओढत बाहेर आलो, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी वाजवल्या, मी विचारलं नाही.

आणि शोमध्ये म्हणे कुत्र्यानं हाताळणाऱ्याच्या बाजूनं लयीत धावायला पाहिजे. जुईची शाळा सकाळची. मग रोज पहाटे त्याला पळवणार कोण? गैरसमज नको, मी पळवत नव्हतो! डॉक्टरांनी मला भराभर चालायला सांगितलंय, मी चालायचो, तो बाजूनं धावायचा. रस्ता सार्वजनिक आहे. मला काय, मी आपला अलिप्त!

घरी आणखी एक तालीम. परीक्षक कुत्र्याचे दात बघतात, कान उचलून बघतात, अंगावरून हात फिरवतात, तेव्हा त्यानं हलायचं नाही. म्हणून विनीता रोज जेवणाआधी त्याचं तोंड उघडून बघायची. इतकी सवय झाली की गॅसवाला आला की हा पुढं जाऊन तोंड उघडून उभा! गॅसवाला बिचारा हिंदू-मुसलमान दोन्ही देवांची नावं घेऊन जिना उतरला.

अशात कराडहून आईचं पार्सल आलं. लसणाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, आणि एक बारकी डबी काजळाची. फोनवर म्हणते, "मधू, गोरंगोमटं पोर आहे, चारचौघांत न्यायचंय, तीट लाव रे बाबा. दृष्ट लागते." मी म्हणालो, "आई, कुत्र्याला तीट? हे काय बाळंतिणीचं घर आहे का?" म्हणाली, "तुलाही लावायचे मी. म्हणून एवढा मोठा झालास." डबी टाकली गाडीच्या कप्प्यात. फेकून देऊ कधीतरी, म्हटलं.

आला शोचा दिवस! डिसेंबरातलं लखनौ, धुकं असं की मैदानावर आधी भुंकणं ऐकू यायचं, मग कुत्रा दिसायचा. कुणी कुत्र्याला विंचरतंय, कुणी पावडर लावतंय, एका बाईंनी तर कुत्र्याला स्वतःची शाल दिलेली आणि स्वतः कुडकुडतायत! मी खिशात हात घालून कडेला उभा. घोरपडे आले, आणि त्यांच्याबरोबर ते दिल्लीचे निरंजन धारप. उंच गृहस्थ, कातडी हातमोजे. वाईट माणूस नाही हो, उगाच कशाला म्हणू? पण त्यांनी पिठल्याकडं बघितलं... कसं बघितलं सांगू? खाली बसून, डोकं तिरकं करून, शेपटीपासून नाकापर्यंत, हळूहळू, जसं काही मोजून घेतायत. म्हणाले, "वा, घोरपडे! फारच सुंदर. इथं वाया जातोय." जुईनं पट्टा दोन्ही हातांनी धरला. तिचे ओठ पांढरे पडले होते. मला ते बघवेना. मी म्हणालो, "मफलर गाडीत राहिला, आलोच," आणि गेलो, आणि आलो. जाता जाता पिठल्याचा कान जरा कुरवाळला आणि परत खिशात हात घालून उभा राहिलो. थंडी होती.

नंबर पुकारला! जुई रिंगणात, पिठल्या तिच्या बाजूला, आणि काय सांगू तुम्हाला, काय धावला! लयीत! मान वर, शेपटी सरळ! विनीता माझा दंड चिमटतेय, घोरपडे ओरडतायत, "शाब्बास रे पठ्ठ्या!" मग उभं केलं, दगडासारखा उभा. परीक्षक बाई आल्या, कोलकात्याच्या, पांढरेशुभ्र केस, पांढरीशुभ्र कॉटनची साडी, वर कोट. दात बघितले. उत्तम! छाती बघितली. उत्तम! उजवा कान बघितला. उत्तम! डावा कान उचलला...

आणि थांबल्या. आपल्या बोटांकडं बघितलं. काळी! पदराला हात लागला, पदरही काळा! म्हणाल्या, "हू हॅज कलर्ड दिस डॉग?" नियम आहे म्हणे. कुत्र्याच्या अंगाला कसलाही रंग लावला की बाद! मग तो काजळाचा ठिपका असो नाहीतर काही असो. जुई हवालदिल, "मॅम, मैंने नहीं किया!" विनीताकडं बघते, विनीता जुईकडं बघते, घोरपडे दोघींकडं. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. का बघतील? मी तर अलिप्त!

बाद! पिठल्या बाद! बाहेर आले सगळे. जुई त्याच्या मानेत तोंड खुपसून बसली. आणि धारप पुढं झाले, हातमोजा काढला, म्हणाले, "दे बेटा पट्टा. मी घेतो बघून." आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा माझा हात खिशातून बाहेर आला. मी आणला नाही, आला. मी पट्टा पकडला. आणि सगळ्यांना दिसलं, उजव्या हाताचं बोट, काळंकुट्ट, नखापर्यंत.

विनीता म्हणाली, "अहो... मफलर तर तुमच्या गळ्यातच होता."

जुईनं मान वर केली. "बाबा, तुम्ही लावलं?" मराठीत! दीड वर्षानंतर पोर माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलली, आणि काय बोलली तर हे! मी म्हणालो, "त्यांनी बघितलं ना तसं... मला नाही आवडलं ते बघणं." खरं तेच.

घोरपडे हसायला लागले. असे हसले की शेजारच्या रिंगणातले चार कुत्रे भुंकायला लागले. धारपांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "निरंजन, चला, चहा घेऊ! हे पिल्लू आता यांच्याकडनं विमानानंसुद्धा उचलता यायचं नाही!" आणि मला म्हणाले, "राव, कुत्रा तुमचा. पण धावला काय! फेब्रुवारीतल्या शोमध्ये परत उतरवायचा! काजळ न लावता!"

झालं! म्हणजे फेब्रुवारीपर्यंत परत रविवारचं मैदान, परत शुक्लाजींचं "तशरीफ़ लाइए", परत पहाटे ते चालणं. तिथंही शे-दोनशे माणसं बघणारच की त्याच्याकडं. आईला फोन केला, तर म्हणते, "कानामागं कशाला लावलंस वेड्या? तळपायाला लावायचं, म्हणजे दिसत नाही." शुक्लाजींना विचारलं, तर म्हणतात, "साहब, जज पंजे भी देखते हैं।" पोटाला लावावं, तर तेही बघतात. शेपटीखाली बघतात. सगळीकडं बघतात हो! तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का, हे परीक्षक लोक कुठं बघत नाहीत ते?

नाही, मी आपलं सहज विचारतोय. मला काय, मी आपला अलिप्त.