खरेदीदार कोण?

नोंदणी कार्यालयातल्या बाकावर माझ्या शेजारी एक आई, तिचा मुलगा आणि सून बसले होते. त्यांच्या नव्या घराच्या खरेदीखताचा नंबर लागायचा होता.

"कागदावर तुझ्या एकट्याचंच नाव का रे?"

"आई, हळू बोल. सोसायटीत हिला नॉमिनी करणार आहे मी."

"म्हणजे काय, ते नीट सांग."

"म्हणजे मला काही झालं, तर घर आधी हिच्या हातात येईल."

"आणि तुला काही झालं नाही, तर?"

"तर काय! राहू की सुखाने."

"म्हणजे घर हातात यायला हिने तुझ्या मरणाची वाट बघायची?"

"अगं, किती अभद्र बोलतेस!"

"अभद्र मी नाही, तुझा कागद बोलतोय. कर्जाला हिची सही चालली, मग घराला का नाही? मी जन्मभर भिंतीत खिळा ठोकायचा तरी तुझ्या बाबांना विचारत आले."

"अहो आई, जाऊ द्या ना. लोक बघताहेत."

"बघू देत. आज गप्प बसलीस, तर उद्या खिळ्यासाठी तूही विचारत बसशील."

तेवढ्यात कारकुनाने हाक मारली, "खरेदीदार कोण?"

मुलगा उठला. सुनेने त्याच्या हातातले कागद काढून घेतले.

"आम्ही दोघं. कागद बदलून आणतो, तोवर पुढच्यांना घ्या."