रेवाची खेळणी

मंडळी, आजच्या कीर्तनात आधी एक प्रश्न! लेकराला खेळणं आणता, ते कुणासाठी? लेकरासाठी? नक्की? – मागच्या रांगेतल्या काकू हसल्या. हसा हसा, आता ऐका!

मिरजेत कस्तुरी घाटगे नावाची एक बाई. नवरा शैलेश, आणि एकुलती एक लेक रेवा, चार वर्षांची. जूनमध्ये बालवर्गात जाणार होती. सगळं छान! पण फेब्रुवारीत जाऊबाई आल्या आणि सहज बोलून गेल्या, "आमचा अर्णव शंभरपर्यंत मोजतो हं! रेवा कितीपर्यंत?"

झालं! रेवा मोजायची बारापर्यंत, त्यातही सात गाळून!

दुसऱ्याच दिवशी घरात खोकी यायला लागली. बटण दाबलं की इंग्रजी आकडे बोलणारी पाटी! साठ तुकड्यांचा भारताचा नकाशा! खोक्यावर लिहिलंय 'सात वर्षांपुढील मुलांसाठी' – पण काळजीत पडलेल्या आईला अक्षरं दिसतात का हो?

रोज संध्याकाळी रेवाला समोर बसवायचं. "आसाम कुठं? अगं, तिथं नाही! काल सांगितलं ना!" शैलेश म्हणाला, "अगं, लहान आहे ती." तर ही म्हणते, "तुम्ही गप्प बसा! शाळेत मागं पडली तर?" आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळ्यांना पदर लावायचा. तिला वाटायचं, पोरीला काय कळतंय!

रेवा नखं खायला लागली. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं. आणि मंडळी, मार्चमध्ये एके दिवशी ती बोलायचीच थांबली! एक दिवस, दोन दिवस, चार दिवस! नुसती मान हलवायची. आईच्या जीवाचं काय झालं असेल, सांगा!

लेकीला कडेवर घेऊन कस्तुरी धावली बालवाडीच्या शालिनीबाई आवटींकडे. "बाई, माझी पोर बोलत नाही हो! कुठलं खेळणं आणू? काय राहिलं माझं?"

शालिनीबाईंनी आतून एक टोपली आणली आणि सतरंजीवर पालथी केली. लाकडी ठोकळे, डब्यांची झाकणं, चिंध्यांची बाहुली, कणकेचा गोळा. बस्स! अहो, यशोदेच्या कान्ह्याकडे तरी काय होतं? अंगणातली मातीच ना!

रेवानं हात पाठीमागे नेले. खेळण्यांकडे बघेना – आईच्या तोंडाकडे बघतेय!

"घे ना गं!" कस्तुरी म्हणाली. पोर आणखी मागं सरली.

शालिनीबाई तिच्याजवळ बसल्या. हळूच विचारलं, "काय झालं, बाळा?"

चार दिवसांनी त्या पोरीचं तोंड उघडलं. म्हणाली, "चुकलं की आई रडते."

...

पेटीवाले, थांबा जरा. हे वाक्य ऐकू द्या सगळ्यांना.

"बाई, मी तर तिच्या भल्यासाठीच –" कस्तुरी म्हणाली. शालिनीबाई म्हणाल्या, "माहीत आहे मला. आता शिकवू नका. खाली बसा, आणि तुम्ही खेळा."

बसली बिचारी! एकावर एक ठोकळे रचले. पाच... सहा... धाडकन पडले! रेवा दचकली. आईचे डोळे भरून आले होते, पण तिनं आसवं गिळली आणि ती म्हणाली, "माझा मनोरा पडला गं! परत रचू?"

रेवा बघत राहिली. मग पाठीमागचा एक हात पुढे आला. तिनं एक ठोकळा आईकडे सरकवला. "हा खाली ठेव. मोठा आहे."

मायलेकी निघताना शालिनीबाई एवढंच म्हणाल्या, "खेळणं गप्प असावं, लेकरानं बोलावं. रचता येईल, मोडता येईल, लुटुपुटीचा स्वयंपाक मांडता येईल असं द्या. आणि सोबत बसा."

नकाशा माळ्यावर गेला. पहिल्यासारखी बोलायला लागली रेवा, पण महिना गेला हो त्यात! जूनमध्ये शाळेच्या दारात तिनं भोकाड पसरलं, तेही खरं. कस्तुरीची काळजी अजून पुरती गेलेली नाही. आईची जाते का कधी?

हे सांगणारा मी मोठा शहाणा नाही, मंडळी! परवाच नातवाच्या हातातून खडू घेऊन मी म्हणालो, "असं नाही, असा काढायचा हत्ती!" त्यानं कागद माझ्याकडे सरकवला आणि उठून गेला. हत्ती माझा छान झाला. बघायला कुणी नव्हतं!

तर आता घरी जाल. लेकरू काहीतरी करत बसलेलं असेल, वेडंवाकडं. तुम्ही दारातून आत याल, आणि ते आधी वर बघेल – तुमच्या तोंडाकडे. त्या वेळी तिथं काय दिसेल त्याला?

बोला, बाळकृष्ण भगवान की जय!